चेरी श्रिंप आणि कोल्हापूरचा उन्हाळा: पाचव्या पिढीची नोंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घरात मी चेरी श्रिंपचे, म्हणजे टँकमध्ये हौसेने पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील चिमुकल्या कोळंबीचे, दोन वंश वेगवेगळे वाढवायला घेतले. त्यांपैकी एका वंशात प्रत्येक पिढीतील सर्वाधिक उष्णता सोसणारे श्रिंप पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून निवडायचे आणि दुसऱ्यात कोणतीही निवड न करता चिठ्ठ्या टाकून तितकेच श्रिंप पुढे न्यायचे, असे ठरवले होते. पाचव्या पिढीची मोजणी या जूनमध्ये पूर्ण झाली. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिसऱ्या पिढीचे आकडे मी ज्यांना मोठ्या आनंदाने कळवले होते, त्यांनी ही नोंद अवश्य वाचावी, कारण त्या आकड्यांचा मी लावलेला अर्थ चुकीचा होता.

प्रथम मूळ साठ्याविषयी. गडद लाल रंगासाठी पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात जुळवलेल्या श्रिंपमध्ये निवडीला वावच थोडा उरतो, म्हणून मी रंगाचा मोह सोडला आणि कोल्हापूर, सांगली व इचलकरंजी येथील तीन छंदिष्टांकडून लाल, पिवळे आणि निळे श्रिंप आणून एकत्र मिसळले. अपेक्षेप्रमाणे दोन पिढ्यांत बहुतेक पिल्ले मूळच्या तपकिरी, पारदर्शक रंगावर गेली. पाहुण्यांना आता हे टँक रिकामेच वाटतात, परंतु या कामासाठी हाच साठा योग्य आहे असे माझे मत आहे.

गप्पी हे लहान शोभेचे मासे सोडून श्रिंप का, असे अनेकांनी विचारले. गप्पीची मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे पिल्लांचा बाप नेमका कोण हे सांगता येत नाही. श्रिंपची मादी मात्र कात टाकल्यानंतर लगेच नराशी मीलन करते आणि थोड्याच वेळात अंडी पोटाखाली घेते. त्यामुळे आधीच अंडी धरलेल्या माद्या वगळल्या की निवडलेल्या माद्यांना निवडलेलेच नर मिळतील याची खात्री देता येते. अडचण संख्येची आहे. सी अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्यावर असे प्रयोग करणाऱ्यांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. त्यांची एक मादी लाखो अंडी थेट पाण्यात सोडते, त्यामुळे एकाच दिवशी अनेक माद्यांची अंडी अनेक नरांच्या शुक्राणूंशी आळीपाळीने जुळवून प्रत्येक जोडीची पिल्ले निरनिराळ्या तापमानांत वाढवता येतात आणि सहनशीलतेतील किती भाग आईबापांकडून आला हे काही दिवसांत समजते. आपल्या मादीच्या पोटाखाली मात्र वीस-तीस अंडीच असतात आणि पुढची पिढी अंड्यावर येईपर्यंत सुमारे चार महिने जातात.

मोजण्याची पद्धत अशी आहे. मोठ्या बादलीत हीटर आणि त्या पाण्यात काचेची बरणी ठेवून बरणीतील पाणी तीन मिनिटांना साधारण एक अंश या गतीने तापवायचे. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सतत चालू ठेवायचा, नाहीतर आपण उष्णता मोजत आहोत की ऑक्सिजनचा तुटवडा हे कळत नाही. श्रिंप उलटा पडला आणि त्याला पुन्हा सरळ होता आले नाही की तापमान लिहून घ्यायचे आणि त्याला तत्काळ २६ अंशांच्या पाण्यात हलवायचे. उशीर केला नाही तर जवळजवळ सगळे श्रिंप काही मिनिटांत पूर्ववत होतात. मागच्या दोन दिवसांत कात टाकलेला श्रिंप मोजणीत घेऊ नये, कारण तो हमखास लवकर पडतो. श्रिंपच्या अंगावर खूण करून उपयोग नाही, ती कातीबरोबर गळून जाते. म्हणून मोजून झालेला प्रत्येक श्रिंप क्रमांक लिहिलेल्या स्वतंत्र बरणीत ठेवावा लागतो. प्रत्येक पिढीत दोन्ही वंशांतील चाळीस-चाळीस श्रिंप मोजले आणि त्यांतून बारा-बारा पुढे नेले. माझे दोन सारखे दिसणारे डिजिटल तापमापक एकाच पाण्यात ०.६ अंशांचा फरक दाखवत होते, हे पहिल्याच आठवड्यात वितळत्या बर्फात बुडवून पाहिल्यावर लक्षात आले, म्हणून सगळ्या पिढ्या एकाच तापमापकाने मोजल्या आहेत.

आता चुकीविषयी. निवडलेला वंश मी पत्र्याच्या छताखालील माडीवर, हिवाळ्यात हीटर लावून, २९ अंशांच्या आसपास वाढवत होतो, तर दुसरा वंश खाली जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत होता. तिसऱ्या पिढीत माडीवरचे श्रिंप खालच्यांपेक्षा सरासरी १.१ अंश अधिक उष्णता सोसत होते आणि तीन पिढ्यांत एवढी मजल मारली या समजुतीने मी फार उत्साहात होतो. परंतु उष्ण पाण्यात वाढलेला कोणताही श्रिंप, त्याचे आईबाप कोणीही असोत, थोडी अधिक उष्णता सोसतो. शरीर त्या पाण्याशी जुळवून घेते. पेशींतील प्रथिनांची घडी उष्णतेने विस्कटू नये म्हणून सांभाळणारी प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात. ज्या जनुकांच्या उष्णतेला मिळणाऱ्या प्रतिसादावरून पुढे या प्रथिनांचा शोध लागला, तो प्रतिसाद इटालियन जनुकशास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीत प्रथम नोंदवला होता. ही सवय एका आयुष्यापुरती असते, तिला वंशाची सुधारणा म्हणता येत नाही. मी वंश आणि वाढीचे तापमान या दोन गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या होत्या, त्यामुळे फरक कशामुळे पडला हे माझ्या आकड्यांतून कळणे शक्यच नव्हते.

म्हणून चौथ्या पिढीत निवड थांबवली आणि गेल्या डिसेंबरमध्ये दोन्ही वंशांची लहान पिल्ले खालच्या खोलीत २६ अंशांवर आणली. आईने सोसलेल्या तापमानाचा परिणाम पिल्लांवरही उतरू शकतो, हे सी अर्चिनमध्येही आढळले आहे. त्यामुळे माद्यांच्या अंगात अंडी तयार होण्यापूर्वीच त्यांना हलवणे आवश्यक होते. त्यांच्यापासून झालेली पाचवी पिढीही त्याच तापमानात वाढवली. एप्रिल-मेमध्ये ते राखण्यासाठी टँकवर झाकणाऐवजी जाळी टाकून पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला आणि बाष्पीभवनाने उतरणारे पाणी रोज भरले. जूनमध्ये मोजणी केली तेव्हा दोन्ही वंशांतील फरक ०.१ अंश भरला. माझ्या तापमापकाची सर्वांत लहान पायरीच तेवढी आहे.

तो आकडा पाहून मी दोन दिवस वही उघडली नाही. नंतर झेब्रा माशांवरचा एक प्रयोग पुन्हा वाचला. नॉर्वेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात संशोधकांनी वीस हजारांहून अधिक मासे वापरून सहा पिढ्या निवड केली, तरी उष्णता सोसण्याची कमाल मर्यादा पिढीमागे सुमारे ०.०४ अंशच वाढली. त्या हिशेबाने माझ्या निवडीच्या चार फेऱ्यांतून (मूळ साठा आणि पहिल्या तीन पिढ्या) ०.१६ अंश मिळाले असते. प्राणी वेगळा असल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे, परंतु आपल्या घरगुती साधनांनी काय मोजता येईल आणि काय नाही याचा अंदाज तिच्यातून येतो. ‘उष्णता सोसणारा वंश’ म्हणून कोणी श्रिंप विकत असेल, तर ते आणि साधे श्रिंप एकाच पाण्यात वाढवून मोजले आहेत का, एवढे आधी विचारावे.

माझे आणखी एक मत बदलले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात श्रिंप क्वचितच निव्वळ उष्णतेने मरतात. एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली, एअर पंप दीड तास बंद राहिला आणि माडीवरील राखीव टँकमधले नऊ श्रिंप गेले, ते ऑक्सिजनअभावी. २५ अंशांवर लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३२ अंशांवर सुमारे ७.३ मिलिग्रॅम, आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने आपल्याकडे दोन्ही आकडे आणखी थोडे खाली येतात. उलट श्रिंपची गरज तापमानाबरोबर वाढत जाते. त्या दिवसापासून बॅटरीवर चालणारा पंप जोडून ठेवला आहे.

खरा तोटा प्रजननात होतो. अर्जेंटिनातील संशोधकांनी याच श्रिंपवर २४, २८ आणि ३२ अंशांची तुलना केली, तेव्हा ३२ अंशांवर माद्यांनी अंडी धरलीच नाहीत. माझ्या माडीवर मे महिन्यात पाणी ३१ अंशांच्या वर जाते आणि दोन्ही वर्षी त्या काळात धरलेली अंडी माद्यांनी गाळून टाकली. आपल्याला उपयोगी पडेल ती सहनशीलता म्हणजे आठवडेच्या आठवडे ३० अंशांत राहून अंडी शेवटपर्यंत सांभाळणे. बरणीत काही मिनिटे मोजलेली कमाल मर्यादा हे काही सांगत नाही, आणि मी वर्षभराहून अधिक काळ त्याच मर्यादेवर निवड करत होतो.

म्हणून निवडीची कसोटी बदलली आहे. दोन्ही वंश एकत्र मिसळले आणि त्यांतून नव्याने दोन वंश पाडले. दोघेही माडीवर, एकाच रांगेत, थर्मोस्टॅट लावलेल्या हीटरने २९.५ अंशांवर आहेत आणि टँकच्या जागा दर रविवारी आपसांत बदलतो. एका वंशात जी मादी सर्वाधिक पिल्ले जिवंत बाहेर काढील तिचीच पिल्ले पुढे जातील, दुसऱ्यात पूर्वीप्रमाणे चिठ्ठ्या. नर मात्र या कसोटीने थेट निवडता येत नाहीत, ते निवडलेल्या माद्यांच्या पिल्लांतूनच येतील, त्यामुळे प्रगतीचा वेग निम्म्यावर येणार हे मला मान्य आहे. उष्ण पाण्यात नरांचे प्रमाण वाढत असल्याने माद्या कमी पडण्याची काळजीही आहे.

आज निवडीच्या वंशातील चौदा माद्यांपैकी पाच जणींनी अंडी धरली आहेत. दोघींच्या अंड्यांत पिल्लांचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले आहेत. एकीने काल रात्री सहा अंडी गाळली, तिचा क्रमांक वहीत लिहिला आहे. उरलेल्या अंड्यांतून पिल्ले आषाढ संपण्यापूर्वी बाहेर यावीत.