त्या बाईंचं ‘नाही’ औषधाला नव्हतंच

मी छत्रपती संभाजीनगरला एका हॉस्पिटलमधे क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. पेशंटला ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची माणसांवरची चाचणी, समजावून सांगायची, संमती घ्यायची, व्हिजिट लावायच्या, हे माझं रोजचं काम. मागच्या पावसाळ्यातला एक दिवस डोक्यातून जातच नाही म्हणून लिहितेय.

परतूरकडचं कुटुंब होतं, पहाटेच्या रेल्वेनं आलेलं. आई, वडील आणि आठ वर्षांचा मुलगा, त्याला डीएमडी, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो हा आजार, स्नायूंना लागणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयारच होत नाही आणि एकेक स्नायू झिजत जातो. मी त्याला सतरंजीवर बसवलं आणि म्हणलं, उठ बेटा. तो आधी पालथा झाला, हातापायावर आला, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहिला. वडील म्हणाले, "मॅडम, पोटऱ्या बगा की, पैलवानावानी हायत, आमाला वाटायचं लेकरू आळशी हाय." या मुलांच्या पोटऱ्या हाताला टणक लागतात खऱ्या, पण ते बळ नसतं, स्नायूच्या जागी चरबी भरलेली असते.

आमच्या ट्रायलला चालणारीच मुलं घेतात आणि बाराव्या वर्षाच्या आसपास यांचं चालणं सुटतं, त्यामुळे वेळ फार थोडा असतो. यांनी यावं असं मला मनापासून वाटत होतं, पण ओढून आणायचं नाही हेही पक्कं. सगळं सांगितलं. यानं आजार जाणार नाही, झीज हळू होते का ते बघायचंय, काही मुलांना औषध मिळणार आणि काहींना तसंच दिसणारं बिनऔषधाचं, कोणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नसणार, चालू स्टेरॉइड बंद होणार नाही, ट्रायलसाठीच्या 2019 च्या सरकारी नियमाप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, आणि वाटेल तेव्हा सोडता येतं. वडिलांचं एकच, "तुमी म्हणाल तिथं सही करतो." असा न ऐकता दिलेला होकार मला नको असतो, तो चार महिन्यांत मोडतो. आणि आई म्हणत होत्या, "नको. लेकरावर प्रयोग नको."

मला वाटलं भीती आहे. सीटीआरआयचं, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचं, पान दाखवलं, 2009 पासून तिथं नोंद केल्याशिवाय ट्रायल सुरूच करता येत नाही म्हणून सांगितलं. तरी नाहीच. मग लक्षात आलं, जनुक तपासणी हा शब्द निघाला की त्या पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळायच्या.

बापलेकाला चहाला पाठवलं आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ताई, रिपोर्टात आईचं नाव येतं का?"

त्यांचा धाकटा भाऊ असाच होता, अठराव्या वर्षी गेला. लग्नात सासरच्यांना पोलिओ म्हणून सांगितलेलं. आता हे कळलं तर सासू म्हणणार, हिनंच आणलं घरात. साधारण तिघांतल्या एका मुलात जनुकातला हा बदल नव्यानंच झालेला असतो, आईकडून येत नाही, हे सांगून मी मोकळी होऊ शकले असते, पण सख्ख्या भावाला तोच आजार असताना ते खोटं झालं असतं. मी म्हणलं, "वहिनी, तुमच्याकडून आला असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण तुम्ही काही केलं म्हणून नाही, डोळ्यांचा रंग जसा येतो तसंच हे. तपासणी लेकराची आहे, तुमची ट्रायलमधे होणार नाही, आणि आम्ही घरी कोणाला काही सांगत नाही." त्या रडल्या, मी नुसती बसून राहिले.

वडील आल्यावर आईंनी स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. वडील म्हणाले, "मला कुठं पोलिओ वाटला व्हता? लग्नात त्याला मांडवात मीच उचलून आणलं की. हाताला ह्याच पोटऱ्या लागल्या व्हत्या. तू बोलंना म्हणून मी बी बोललो न्हाई. मायला मी बघतो."

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, एकामागून एक, रक्त किती काढणार, कापूस वेचणीत यायला जमलं नाही तर, घरी पाच वर्षांची मुलगी आहे तिचं काय. मुलीची तपासणी आत्ता नको, ती मोठी झाल्यावर तिला विचारून करा, तोपर्यंत जेनेटिक कौन्सेलरला, म्हणजे अशा आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांना, एकदा भेटा, असं सांगितलं. सही मी त्या दिवशी घेतली नाही. माहितीपत्रक घरी दिलं, वाचून घ्या म्हणलं.

पुढच्या गुरुवारी आले. कॅमेरा लावून संमती झाली, आईंनी प्रत्येक पानावर थांबून थांबून सही केली. लहान मुलाला पण विचारावं लागतं, सात वर्षांपुढं त्याचाही होकार हवा. त्यानं एवढंच विचारलं, "सुई पोटरीत देणार का?"

"नाही रे, हातात."

"मग चालंल."