विषय : उंची कमी करून मिळण्याबाबत

माझी उंची पाच फूट. लग्न जमवताना आईने ती "पाच-दोन" सांगितली होती, तेवढीच काय ती तिची वाढ. यंदा जानेवारीत मात्र एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरने मला पावणेसहा फुटांच्या जवळ नेऊन ठेवलं, आणि तिथून खाली उतरायला मला अडीच महिने लागले. सात किलो वजन उतरवणं त्यापेक्षा सोपं गेलं, खरंच सांगते.

निमित्त ताईचं. माझी मोठी बहीण, वर्ध्याला असते, वय ५८. पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर तिला पुन्हा थोडं थोडं अंगावरून जायला लागलं. "उन्हाळा बाधला असेल" म्हणून तिने चार महिने काढले. निघाला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. लवकरच्या टप्प्यात होता, गर्भाशय काढलं, आता ती बरी आहे. तिच्या तपासणीला सोबत गेले तेव्हा डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं (आम्ही दोघी एकाच साच्यातल्या) आणि मला विचारलं, "तुमचं वजन किती?"

७८ किलो. वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष.

त्यांनी समजावलं ते असं. पाळी गेली की बीजकोष इस्ट्रोजेन बनवणं थांबवतात, पण अंगावरची चरबी ते बनवतच राहते. त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक तोवर राहिलेलं नसतं, मग गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. शिवाय चरबी वाढली की रक्तात इन्सुलिन चढं राहतं, अंगात बारीक सूज राहते, तेही पेशींना वाढायला सांगत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली तपासून सांगितलं की १३ प्रकारच्या कॅन्सरचा संबंध जादा चरबीशी आहे : गर्भाशयाचं अस्तर, पाळीनंतरचा स्तनाचा, मोठ्या आतड्याचा, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड वगैरे. मी "वजन म्हणजे गुडघे आणि शुगर" एवढंच धरून होते.

"वजन उतरवलं तर होणारच नाही का?" मी विचारलं. "धोका कमी होईल. होणारच नाही असं जो सांगेल त्याच्याकडून काही विकत घेऊ नका," असं ते म्हणाले. ताईच्या घरी तोवर तीन पाहुणे तीन प्रकारच्या बाटल्या ठेवून गेले होते, म्हणून हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

तर नागपूरला परत आल्यावर मी एका दवाखान्यात नाव नोंदवलं. कुठला ते विचारू नका. तिथे वजनाचं वेगळं क्लिनिक आहे, डॉक्टर आणि डाएटिशियन एकाच जागी, आणि फी आमच्यासारख्यांना झेपणारी. जानेवारीत पहिली तपासणी झाली. भिंतीवरची उंचीची पट्टी खालून निघालेली होती, म्हणून सिस्टरने मला विचारूनच कागदावर पाच फुटांचे सेंटिमीटर, १५२, लिहिले. तिचा ५ जरा घाईतला होता. पलीकडच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये १७२ टाकलं. मी केसपेपर न वाचताच पर्समध्ये घातला. चूक माझी एवढीच.

क्लिनिकची तारीख मिळाली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून नऊला पोचले. टोकन ३४. पावणेबाराला नंबर आला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, तुमचं यात बसून नाही राहिलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २६.४ आहे. आपल्याकडे साडेसत्तावीसच्या वरचेच पेशंट घेतात."

मी आयुष्यात पहिल्यांदा बारीक ठरत होते, आणि ते मला नको होतं. केसपेपर काढून बघितला तर उंची १७२. मी म्हटलं, "अरे दादा, माझ्याकडे बघ ना. मला तुझं काउंटर हनुवटीला लागून राहिलं." त्याने बघितलं. बघून म्हणाला, "सिस्टीममध्ये जे आहे ते आहे जी. नोंदणीवाल्यांकडे जा."

नोंदणीवाले म्हणाले, डॉक्टरांनी तपासणी बंद केल्यावर मापं बदलता येत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर मंगळवार आणि शुक्रवार. मी शुक्रवारी गेले. डॉक्टर हसले, लगेच चिठ्ठी लिहिली. ती घेऊन नोंदणीत, तर तो म्हणाला, हे रेकॉर्ड विभागाचं काम. रेकॉर्ड विभाग तळघरात, जेवणाची सुट्टी दीड ते अडीच. अडीचनंतर एक काका आले, चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "अर्ज द्या. आधारची झेरॉक्स लावा."

"आधारवर उंची नसते हो."

काका थांबले. "मग उंचीचा काही पुरावा?"

"मी उभी आहे ना तुमच्यासमोर!"

"तसं नाही चालत ताई. कागद लागतो."

मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला. बावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली आहे, हात आपोआप चालतो. 'विषय : उंची कमी करून मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये...' काकांनी तो गंभीरपणे वाचला आणि आवक शिक्का मारला. पंधरा दिवस.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक मुलगा आला, गुणपत्रिकेवर आईच्या नावात एक वेलांटी चुकलेली. मी त्याला सवयीने म्हटलं, प्रतिज्ञापत्र करून आण. म्हणताना जीभ चावली. तरी आणायला लावलंच, नियम आहे.

पंधरा दिवसांचे चोवीस झाले. फोन केला की "साहेब सुट्टीवर". मार्चअखेर मी पुन्हा रजा टाकून गेले. उंची १५२ झाली होती! पण बीएमआय? २६.४ च. एक आकडा बदलला की दुसरा आपोआप बदलत नाही म्हणे, त्याला कंपनीचा माणूस लागतो. कंपनीचा माणूस पुण्याला. ७८ किलोला १.५२ मीटरने दोनदा भागा, ३३ च्या वर जातं, कोणत्याही मोबाइलवर निघतं. मी निघालेलं दाखवलं. "तुमच्या मोबाइलचं नाही घेता येत," असं उत्तर मिळालं. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीवर बसून रडले, हे इथे पहिल्यांदा सांगते आहे.

सुटलं कसं? एप्रिलच्या शेवटी, त्रेचाळीस डिग्रीत, डोक्याला दुपट्टा बांधून मी पाचव्यांदा गेले. नेहमीचा मुलगा नव्हता, त्याच्या जागी एक नवीन सिस्टर होती. तिने माझी सगळी कथा ऐकलीसुद्धा नाही. "मावशी, जुनं कशाला दुरुस्त करता? आजची नवीन नोंद करते ना." तिने मला काट्यावर उभं केलं, भिंतीला टेकवलं (पट्टी नवीन लागली होती), आकडे टाकले. वजन ७६, उंची १५२, बीएमआय ३२.९. दोन मिनिटं. घड्याळ लावून दोन मिनिटं.

म्हणून कुणालाही सांगते, दवाखान्यात माप चुकलं असेल तर 'दुरुस्त करा' हा शब्द तोंडातून काढू नका. 'आज नव्याने माप घ्या' म्हणा. आणि केसपेपर काउंटर सोडायच्या आधी वाचा.

वजन ७८ चं ७६ कसं झालं, तर रागाने. त्या अडीच महिन्यांत रोज संध्याकाळी मी लेआउटच्या मैदानाला फेऱ्या मारत होते, पहिल्या चार फेऱ्या त्या काउंटरवाल्या मुलाशी मनात भांडण्यात जायच्या. ऑफिसच्या कोपऱ्यावरचे तर्री-पोहे रोजचे होते, ते शनिवारवर आणले. चहातली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आली. डाएटिशियनने सांगायच्या आधीच हे झालेलं होतं, त्याचा मला थोडा गर्व आहे.

डाएटिशियन मुलगी चांगली निघाली. मला वाटलं होतं ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइलचा छापील कागद हातात पडणार. तिने आधी विचारलं, "सकाळपासून काय काय खाता, खरं सांगा." मग म्हणाली, घरी ज्वारी असताना ओट्स कशाला? ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, फळ यांचा. पाव भाग भाकर. पाव भाग वरण, उसळ किंवा अंडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रं काढली त्यातही ताट साधारण असंच आहे, असं ती म्हणाली. आमचं ताट नेमकं उलटं होतं, अर्ध्यात भात आणि कोपऱ्यात भाजी.

तिचा सगळा भर चोथ्यावर. दिवसाला ३० ग्रॅम तंतू पोटात गेले पाहिजेत, आतड्याच्या कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो. वाटीभर शिजवलेल्या हरभऱ्यातून सातेक ग्रॅम येतात, एका संत्र्यातून तीनेक. संत्र्याचं ऐकून मी खूश झाले. आमच्या घरी मोसमात पेटी येते आणि पाहुणा आला की ज्यूस निघतो. ती म्हणाली, ज्यूसमध्ये तीन संत्र्यांची साखर राहते आणि चोथा जातो; सोलून खा, फोडीवरचं पांढरं साल काढत बसू नका. अंबाडी, मेथी, मुळ्याचा पाला, जवसाची चटणी, तुरीचे दाणे, हे सगळं मी बुधवार बाजारातून आधीही आणायची, फक्त चवीपुरतं शिजायचं. आता भाजीचं पातेलं मोठं आणि भाताचं लहान केलं. एवढा एकच बदल करायचा असेल तर पातेली बदला.

मटणाचा प्रश्न आमच्या यांनी विचारायला लावला होता. रविवारी सावजी आमच्याकडे ठरलेलं. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवा, ती म्हणाली, आणि वरचं तेल ताटात घेऊ नका. आता महिन्यातून दोनदा होतं, तर्री डावाने बाजूला काढून. मुलगा पुण्यात शिकतो, त्याच्या फ्रीजमध्ये सॉसेजची पाकिटं असतात. ते मात्र जवळजवळ बंदच करायला सांगा म्हणाली. प्रक्रिया केलेलं मांस २०१५ पासून कॅन्सरकारक गटात आहे, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. मुलाने लगेच फोनवर वाद घातला, "मग ते तंबाखूच्याच गटात आहे, म्हणजे तेवढंच वाईट का?" नाही. पुरावा किती पक्का एवढंच गटावरून कळतं, घात किती मोठा ते नाही. तंबाखूचा कितीतरी मोठा. हे मी तिला विचारूनच त्याला सांगितलं.

तंबाखूवरून आठवलं. माझ्या भाजीच्या पातेल्याकडे कौतुकाने बघणारे आमचे हे दिवसातून तीन खर्रे खातात. "सुपारी तर नैसर्गिक आहे," हे त्यांचं म्हणणं. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसली तरी. आणि खर्र्यात दोन्ही घोटलेल्या असतात, वरून चुना. तीनाचे दोन झालेत, असं ते म्हणतात. पानठेलेवाल्याला विचारायची माझी हिंमत नाही.

आणखी एक, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी डाग दिसला, तरी वजन, उन्हाळा, उष्णता काही म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात बायकांच्या डॉक्टरकडे जा. ताईचे ते चार महिने मला अजून झोपू देत नाहीत.

बीएमआयचं गणित नको असेल त्यांच्यासाठी शिवणाचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० च्या वर गेलं की सावध व्हायचं. बीएमआयही आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जादा धरतात. माझी कंबर १०१ होती, आता ९३ आहे. वजन ७१ वर येऊन दोन महिने तिथेच अडकलंय. दिवाळीतली चकली मी खाल्ली, लपवत नाही.

पुढची तारीख या महिन्याच्या एकवीसला आहे. मागच्या केसपेपरवर उंची १५२ च होती, मी काउंटरवरच उभी राहून वाचली. टेप पर्समध्येच ठेवते हल्ली.