निवृत्त गुरुजींची नेमणूक : यादीच्या टेबलावरून

राज्य शासनाच्या 7 जुलै 2023च्या परिपत्रकाने मुभा दिली: पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, नियमित शिक्षक मिळेपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षक घ्या, मानधन दरमहा 20,000, वय 70च्या आत. आमचा तालुका कोकणातला, डोंगराळ. आंतरजिल्हा बदल्यांनी बरेच शिक्षक आपापल्या गावाकडे गेलेले. पंचायत समितीत नेमणुकीचा दिवस ठरला तेव्हा यादीचं टेबल माझ्याकडे होतं.

कागद तपासायला वेळ लागत नाही. सेवानिवृत्तीचा आदेश, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), आधार, पॅन, पासबुक, वैद्यकीय दाखला आणि हमीपत्र. जन्मतारीख आदेशावरून घ्यावी, आधारवरून नको. आधारवर पुष्कळांची 1 जून किंवा 1 जानेवारी पडलेली असते. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणारे वेगळे काढून ठेवावेत, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात.

खरी अडचण शाळा वाटताना आली. निवृत्त मंडळी बहुतेक तालुक्याच्या गावी घर बांधून राहिलेली आणि शून्यशिक्षकी, म्हणजे एकही शिक्षक नसलेल्या, शाळा वाड्यांवर, जिथे एसटी सकाळी एकदा जाते. वीस हजारांतून रोजचं पेट्रोल वजा केलं की हिशेब जमत नाही, आणि साठीनंतर पावसात घाट चढायचा तो वेगळाच. पहिल्या दोघांनी वाडीचं नाव ऐकून अर्ज मागे घेतले.

समजा एखादे गुरुजी तयार झालेच, तरी शाळा चालत नाही. मानधनावरच्या माणसाकडे फक्त अध्यापन. शाळेचा चार्ज, व्यवस्थापन समितीचं बँक खातं, दाखल्यावरची सही, पोषण आहाराचा साठा, यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, यातलं काहीच त्यांच्याकडे देता येत नाही. मग शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला दोन ठिकाणी सह्या करत फिरावं लागतं, आणि तांदूळ संपला तरी मागणी वेळेवर जात नाही.

म्हणून दुपारी यादी उलटी लावली. गावातल्या तीन-चार शिक्षकी शाळेतला एक कायम शिक्षक कामगिरीवर, म्हणजे बदली न करता तात्पुरता, वाडीला, चार्जसकट. त्याच्या वर्गावर निवृत्त गुरुजी. कामगिरीचा आदेश वरून घ्यावा लागतो आणि ज्याला वाडीला जायचं तो चिडतो, त्याचं चुकत नाही. पण वाडीचं कुलूप उघडतं, आणि गुरुजींना अडीनडीला विचारायला शेजारच्या वर्गात कुणीतरी असतं. तशी गरज पडतेच. त्या वर्षी पाठ्यपुस्तकं चार भागांत, मध्ये वहीची कोरी पानं घातलेली अशी आली होती. दोन-तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्यांनी ती पाहिलीच नव्हती.

आदेश काढताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुदत तारखेने लिहू नये, ‘नियमित शिक्षक हजर होताच नेमणूक संपुष्टात’ असंच लिहावं, नाहीतर नवा शिक्षक आल्यावर वाद होतो. दुसरं मानधनाचं. निवृत्तांचं नाव शालार्थच्या, म्हणजे शिक्षकांच्या ऑनलाइन पगारप्रणालीच्या, नियमित वेतनदेयकात येत नाही, त्यांचं बिल वेगळं करावं लागतं. त्याला मुख्याध्यापकाने सही केलेला हजेरीचा दाखला जोडायचा, तो केंद्रप्रमुखामार्फत महिना संपताच गटशिक्षण कार्यालयात पोचवायचा. एका शाळेचा दाखला राहिला की काही ठिकाणी अख्ख्या तालुक्याचं बिल अडवून ठेवतात. त्यापेक्षा आलेल्यांचं बिल पुढे पाठवून राहिलेल्याचं पुरवणी करावं.