किती वेळात आणि किती वेळ

कंट्रोल रूममध्ये पाळीवर बसलं की पहिली नजर जाते ती ग्रिडच्या, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याच्या, फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांवर. तो पन्नास हर्ट्झच्या आसपास हवा. ५०.०१, ४९.९८, ४९.९९. आकडा घसरायला लागला की समजायचं, मागणी निर्मितीच्या पुढे निघाली. लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे मागणी आणि निर्मितीचा क्षणोक्षणी मेळ घालणाऱ्या केंद्रात, मी बरीच वर्षं काढली. आजही नवा सौर प्रकल्प सुरू झाल्याची बातमी वाचली की मनापासून आनंद होतो, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: संध्याकाळी सातला काय?

हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला तो एका पाळीत. ढग अंदाजापेक्षा दोन तास आधी आले. पडद्यावरची सौरनिर्मितीची रेषा भरदुपारी खाली आली, मागणी मात्र जागची हलेना. जलविद्युतचे संच मागितले, ते काही मिनिटांत ग्रिडवर आले. तरी कमी पडत होतं. यादीत एक औष्णिक संच होता, त्याच्यापुढे ‘उपलब्ध’ असं लिहिलेलं. फोन लावला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, बॉयलर थंड आहे. आत्ता लाइटअप केलं तरी सिंक्रोनाइझ व्हायला उद्याची सकाळ उजाडेल.”

बॉयलर पेटवण्यापासून (लाइटअप) संच ग्रिडशी जुळवून जोडेपर्यंत (सिंक्रोनाइझ) इतका वेळ लागणार, हे ते खरंच बोलत होते. टर्बाइनचं जाड पोलाद हळूहळूच तापवावं लागतं, घाई केली तर रोटर वाकतो. आम्हाला पाऊण तास भारनियमन करावं लागलं. कोणता फीडर, म्हणजे एखाद्या भागाला वीज पुरवणारी लाइन, बंद करायचा हे फोनवर सांगणारा आवाज माझा होता. एकेक नाव उच्चारताना त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल, हे डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

त्या रात्री मी संचांच्या यादीत पेन्सिलीने दोन रकाने आखले: ‘किती वेळात येणार’ आणि ‘किती वेळ टिकणार’. देशाच्या वीज नियोजनाबद्दल मला जे म्हणायचंय, ते एवढंच आहे. स्थापित क्षमतेची, म्हणजे संच पूर्ण भाराने किती वीज देऊ शकतात त्या आकड्यांची, बेरीज करून देश चालत नाही. प्रत्येक मेगावॉटपुढे हे दोन रकाने भरलेले हवेत.

ते भरायला बसलं की लक्षात येतं, ‘खात्रीचं’ काय आणि ‘बेभरवशाचं’ काय याच्या आपल्या कल्पना किती ढोबळ आहेत. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासात कडाक्याची थंडी पडली. भरवसा होता गॅसवर. पण विहिरी आणि उपकरणं गोठली, गॅस पुढे ढकलणाऱ्या काही कॉम्प्रेसरांची वीज भारनियमनातच कापली गेली, म्हणजे केंद्रांना गॅस आणखी कमी मिळाला. उलट दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ला वारा भरपूर होता. वादळात टॉवर कोसळले, व्होल्टेज लागोपाठ खाली गेलं, आणि असे झटके किती वेळा सोसायचे याची मर्यादा पवनचक्क्यांच्या सेटिंगमध्ये होती. ती ओलांडताच ४५६ मेगावॉट काही सेकंदांत गेले. तो भार शेजारच्या व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या लाइनवर पडला, ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि आख्खं राज्य अंधारात गेलं. त्या मर्यादेची ग्रिड चालवणाऱ्यांना कल्पनाच नव्हती. सेटिंग नंतर बदलता आलं. म्हणून माझा आग्रह असतो की प्रकल्प ग्रिडला जोडण्याआधी त्याची सेटिंग्ज लोड डिस्पॅचच्या टेबलावर आली पाहिजेत, ती तपासली गेली पाहिजेत.

त्याच राज्यात २०१७च्या अखेरीस हॉर्न्सडेलची बॅटरी आली, ताकद १०० मेगावॉट आणि साठा १२९ मेगावॉट-तास. पहिला रकाना अप्रतिम: सेकंदाच्या आत हजर. दुसरा: पूर्ण भाराने सव्वा तासाच्या थोडं वर. आता बॅटऱ्या याहून कितीतरी मोठ्या होताहेत, रोजची संध्याकाळ त्या पेलतील याबद्दल मला शंका नाही. पण ना ऊन ना वारा असे सलग दिवस येतात. जर्मन लोकांनी त्याला नावच दिलंय, डुंकेलफ्लाउटे. त्या आठवड्यासाठी मोठे जलाशय हवेत, लांबच्या प्रदेशातून वीज आणणाऱ्या लाइन हव्यात, आणि काही जुने संच तयार ठेवायला हवेत. वर्षातून मोजकेच दिवस चालणाऱ्या संचाला युनिटमागे पैसे देऊन भागत नाही. तयार राहण्याचेच पैसे द्यावे लागतात, आणि अधूनमधून चालवून बघावं लागतं.

कोळसा जायला हवा, हे मी पूर्ण विचारांती म्हणते. फक्त त्याच्या जागी येणारी व्यवस्था सगळे ऋतू पाहून झाल्यावर जुना संच काढावा.

आणि माणसांचं काय? संच बंद होण्याची तारीख जाहीर झाली की तरुण ऑपरेटर आधी बाहेर पडतात, हे मी पाहिलंय. फोनवरच्या त्या गृहस्थांनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती. बॉयलरवरच्या तिघांची बदली झाली होती, आणि लाइटअपसाठी त्यांना दुसऱ्या पाळीतल्या माणसांना घरून बोलवावं लागणार होतं.