मोडल्यावरच कळतो सेट

लेगोच्या ठोकळ्यांचा सेट कसा आहे हे लोक बांधून झाल्या झाल्या सांगून मोकळे होतात. मला तेव्हा काहीच सांगता येत नाही. समोर पुस्तिका, पिशव्यांवर नंबर, तुकडे टकाटक बसत जातात. अशा वेळी कुठलाही सेट गोडच लागतो. माझा निकाल लागतो तो सेट मोडून तुकडे डब्यांत गेल्यावर.

याला थोडं कारण जागेचंही आहे. ठाण्याच्या नौपाड्यात वन बीएचके, शोकेस एकच. त्यात एक कप्पा चांदीच्या भांड्यांचा, एक नवऱ्याच्या कॅरमच्या ढालींचा, उरलेला माझा. नव्याला उभं राहायचं तर जुन्याने जागा सोडायची. सासूबाई दर वेळी हळहळतात, "अगं, एवढं सुंदर केलंस आणि आता मोडतेस कशाला?"

लेगोच्या ताजमहालाच्या वेळी तर त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. २०२१ साली आलेला हा सेट, क्रमांक २१०५६, तुकडे २,०२२. आत शहाजहान-मुमताजच्या कबरी आहेत, त्या पाहुण्यांना उघडून दाखवायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलं होतं. दिसायला देखणाच, वाद नाही. पण मिनार चारही सारखेच, त्यामुळे तिसऱ्यापासून मी टीव्ही लावून बसले. मोडल्यावर हाती आला बारीक पांढऱ्या तुकड्यांचा ढीग. पांढरा तुकडा उन्हात राहिला की पिवळा पडतो, म्हणून त्याला जपायचंही जास्त. इमारत म्हणून दहापैकी नऊ, मोडीचा माल म्हणून पाच.

उलट लेगोच्याच 'क्लासिक' मालिकेतला मोठा पिवळा डबा, क्रमांक १०६९८. तुकडे ७९०, रंग ३३. चाकं, खिडक्या, डोळेसुद्धा. शोकेसमध्ये ठेवण्यासारखं त्यातून काही निघत नाही, त्यामुळे संग्राहक मंडळी नाक मुरडतात. माझ्याकडे मात्र सगळ्यात जास्त वापरात हेच तुकडे आहेत, आणि डबासुद्धा कामाला आला.

आता लावालावीबद्दल. रंगाप्रमाणे तुकडे लावलेले फोटोत फार छान दिसतात. पण काळ्या ढिगातून काळी छोटी पट्टी शोधून बघा! डोळ्याला रंग लगेच दिसतो, आकार दिसत नाही. म्हणून लावायचं आकाराप्रमाणे, मग त्यातला लाल आपोआप हाती येतो. चाकं आणि मोठे ठोकळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. मोहरीएवढं नसलं तरी हरवायला तेवढंच सोपं असं जे काही, ते जांभळी नाक्यावरून आणलेल्या, कानातली ठेवायच्या खणांच्या डब्यात. ठोकळ्यांशेजारी पट्ट्या, कारण तीन पट्ट्या एकावर एक बसवल्या की बरोबर एका ठोकळ्याची उंची होते: ३.२ मिलिमीटरच्या तीन, म्हणजे ९.६. ठोकळे संपले की पट्ट्यांवर भागतं.

डब्यांवर मी नावं लिहीत नाही, नंबर लिहिते. ठोकळा उलटा करून ट्यूबलाइटखाली तिरपा धरला की आत बारीक आकडे दिसतात. वर दोन बाय चार बटणं, म्हणजे गोल उंचवटे, असलेल्या नेहमीच्या ठोकळ्यात ३००१. चष्मा लागतो, पण एकदा नंबर कळला की इंटरनेटवर नेमका तोच तुकडा शोधता येतो.

जुना माल मी घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून किलोवर घेते. मुलं मोठी झाली, घर बदलायचं निघालं की पिशव्याच्या पिशव्या बाहेर येतात. सोबत शार्पनर, हेअरक्लिप, खडूचे तुकडे. ठोकळे तेवढे कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, साबण घालून धुवायचं. खरा ताप पुढे आहे. ठोकळ्याच्या पोटातल्या नळ्यांत पाणी अडून बसतं, आणि ठाण्यातल्या जुलैत ते स्वतःहून वाळेल ही आशा सोडा. जुना टॉवेल, बटणं वर, पंखा रात्रभर, सकाळी एकदा झटकायचं.

या पिशव्यांत इतर कंपन्यांचे ठोकळेही येतात. नळ्यांच्या या रचनेचं पेटंट लेगोने २८ जानेवारी १९५८ला मागितलं. ते कधीच संपलं, त्यामुळे कुणीही तसे ठोकळे बनवू शकतं. मी त्यांना सरसकट नकली म्हणून बाजूला काढत नाही. परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ साली ७० वर. मग पालकांनी काय करायचं? परीक्षा एकच. दहा ठोकळ्यांचा मनोरा करून वरून धरायचा आणि हलवायचा. टिकला तर आत, गळला तर शेजारच्या बालवाडीत. तिथे कुणाला पकडीचं काही पडलेलं नसतं.

त्यामुळे नवा सेट घेताना मी खोक्यावरचं चित्र शेवटी बघते. आधी रिब्रिकेबल या वेबसाइटवर त्याची तुकड्यांची यादी उघडायची, मग आपल्या डब्यांत डोकवायचं. सध्या छपराला लागणाऱ्या उतरत्या ठोकळ्यांचा खण तळाला गेलाय, म्हणजे या वेळी कौलारू घर. आईंना सांगितलंय, दिवाळीपर्यंत मोडणार नाही.