पिकअपवर क्रेन बसवली, पण एनओसीनं जीव काढला

पिकअपच्या मागच्या कोपऱ्यात छोटी क्रेन बसवायचं काम फॅब्रिकेटरनं सुरेख आणि वेळेत केलं. मला छळलं ते फायनान्स कंपनीच्या एका कागदानं, एनओसी म्हणजे ना-हरकत पत्रानं. ज्यांची गाडी कर्जावर आहे आणि जे असाच विचार करतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं काम कृष्णाकाठच्या उपसा सिंचन योजनांच्या मोटारी आणि पंप दुरुस्तीचं. ६० एचपीची मोटर तीनशे किलोच्या आसपास भरते. ती उचलून गाडीत टाकायची म्हणजे चेनपुली, लोखंडी घोडा आणि चार-पाच धडधाकट गडी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी चढायला लागलं तसे सगळ्या पाणीपुरवठा संस्थांचे फोन एकदमच सुरू झाले, "मोटर वर काढा." गडी आणायचे कुठून? तेव्हाच क्रेनचं मनात घेतलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. तसा केला तर कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून काम सुरू करण्याआधीच आरटीओकडे अर्ज टाकला. ड्रॉइंग, क्रेनचं कोटेशन, विमा सगळं चाललं. आरसीवर कर्जाचा बोजा आहे, तेव्हा फायनान्सरची लेखी संमती आणा, म्हणाले. रास्त मागणी होती.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "सर, लोन क्लोज करताय का?" नाही म्हटलं. "मग एनओसी कशाची?" त्यांच्या कॉम्प्युटरवर एनओसीच्या कारणांची ठरलेली यादी होती: कर्जफेड, डुप्लिकेट आरसी, पत्ताबदल, सीएनजी किट. क्रेन त्यात नव्हती, म्हणजे त्यांच्या लेखी माझी मागणीच नव्हती. शाखा म्हणे कस्टमर केअरला फोन करा, कस्टमर केअर म्हणे शाखेत जा. मध्येच मेसेज यायचा, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय निकाली काढलं, कुणालाच सांगता यायचं नाही. शेवटी एक पत्र हातात पडलं ते सीएनजी किट बसवायला हरकत नसल्याचं. गाडी डिझेलची! आरटीओतल्या क्लार्कनं ते वाचून परत केलं, आणि त्याचं बरोबरच होतं. तोवर हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला जात होता, त्यात कधी चूक झाली नाही. या गोष्टीचा राग अजून जात नाही.

मार्ग निघाला तो असा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं फायनान्स कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क शाखेत लावावा लागतो. भिंतीवरच्या त्या बोर्डाचा फोटो काढला. पत्राचा मजकूर मीच टाइप केला: गाडी नंबर, चॅसिस नंबर, क्रेनचं वजन, उचलक्षमता आणि "हा बदल करण्यास आमची हरकत नाही" हे एक वाक्य. सोबत ड्रॉइंग जोडलं आणि लिहिलं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. मग मात्र कागद भराभर हलले. सही-शिक्क्याचं पत्र हातात आलं तेव्हा शाखेच्या दारातच चहा मागवला. तुम्ही पहिल्याच दिवशी मजकूर तयार करून द्या, त्यांच्या यादीच्या भरवशावर बसू नका. एनओसीवर मुदत असेल तर ती बघूनच आरटीओची अपॉइंटमेंट घ्या.

पुढची तपासणी सरळ झाली. क्रेन बसल्यावर काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन करून पावती ठेवा. गाडीचं एकूण मंजूर वजन काही वाढत नाही, त्यामुळे क्रेनचं वजन तुमच्या मालातूनच कमी होतं.

क्रेनच्या प्लेटवर ५०० किलो लिहिलेलं असतं ते बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आत घेतलेली असतानाचं. खांबापासून एक मीटरवर ५०० पेलणारी क्रेन दोन मीटरवर निम्माच भार घेते. माझी मोटर दोन मीटरवरून उचलायची असते, म्हणून मी मोठी घेतली. चॅसिसला वेल्डिंग करू देऊ नका. क्रेनखाली सबफ्रेम (वेगळी लोखंडी चौकट) टाकून बोल्टनं आवळून घ्या. आधाराचा पाय हवाच, आणि नदीकाठच्या मळीत तो फळीवरच टेकवा. माझ्या गाडीचा पाय पहिल्या उचलीलाच वीतभर रुतला होता, नंतर जाड सागवानी फळी कायमची गाडीत ठेवली.

क्रेनचा दोर गुंडाळणारी इलेक्ट्रिक विंच पूर्ण भाराला शंभर अँपिअरच्या पुढे करंट ओढते. केबल जाड घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका आणि उचलताना इंजिन चालू ठेवा. वायर रोपच्या क्लिपा लावताना यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला यायला हवा. उलटा लावला तर भार घेणारा दोरच चेपतो.

आणि विम्याचं राहिलंच. आरसीवर नोंद झाली की लगेच विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत क्रेनची भर घालून घ्या. जादा प्रीमियम पडतो, तरी टाळू नका.