तुम्ही विचारलंत म्हणून: मोरोक्कन लुकसाठी पैसे कुठे घालायचे?

मोठं घर सजवायला काढलेली मंडळी हमखास विचारतात, "हॉलला मोरोक्कन, म्हणजे अरबी टच द्यायचाय. दिवे, झुंबरं कुठली घेऊ?" मी सांगते, दिवे शेवटी. आधी भिंतीचं बघू.

आणि मोरोक्कन म्हणजे सरसकट अरबी नव्हे. मश्रबिया, म्हणजे लाकडी जाळीच्या खिडक्या, ही कैरोच्या जुन्या घरांची ओळख, तर भिंतीलगत बैठका मांडलेला मजलिस आखाताचा. मोरोक्कोच्या घरात अरबी वारशाबरोबर तिथल्या मूळच्या अमाझिग लोकांचा आणि स्पेनमधून परागंदा होऊन आलेल्यांचाही हात आहे.

मोरोक्कोतल्या माराकेश शहरातल्या बेन युसुफ मदरशाचा चौक बघा, १५६५च्या सुमाराचा. खाली झेलिज, म्हणजे चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांची नक्षी. मध्ये कोरीव गिलावा. वर देवदाराचं लाकूड. जिथे पाठ टेकते, हात लागतो, पाणी उडतं तिथे टाइल; हात पोचत नाही तिथे नाजूक कोरीवकाम. हा क्रम पाळला तर निम्मं काम झालं.

झेलिजवर माझा जीव आहे. मोरोक्कोतल्याच फेस शहरात कारागीर जमिनीवर बसून, जड धारदार हातोडीने भाजलेल्या टाइलचे तारे, चौकोन, पाकळ्या फोडून काढतात. मग ते तुकडे पालथे मांडतात, रंगीत बाजू खाली. सगळी नक्षी डोक्यात. डोळ्यांपुढे नुसती मातकट पाठ. मागून गिलावा ओतून तो सुकला की पट्टा उचलायचा, तेव्हा कुठे रंग दिसतात. प्रत्येक तुकड्याची झिलई जराशी निराळी, म्हणून दिवसभर भिंतीवरचा उजेड हलता राहतो. छापील टाइलला हे जमत नाही. बजेट कमी असेल तर एकच भिंत करा, पण खऱ्या झेलिजची. आणि मिस्त्रीला बजावून ठेवा: तुकडे एकमेकांना भिडवूनच बसवायचे. रुंद सांध्यांत ग्राउट भरलं की नक्षी मेलीच.

बंगल्याच्या दर्शनी बाजूला घोड्याच्या नालासारख्या कमानी मागणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. मोरोक्कोतली रियाद, म्हणजे चौकाची घरं, गल्लीतून बघाल तर कोरी भिंत नि एक दार. झाडं, कारंजं, खिडक्या सगळं आतल्या चौकाकडे. आपल्या वाड्यांत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

उरलेले पैसे बाथरूमला घाला. माराकेशकडचा तादलाक्त म्हणजे घोटीव चुना. गुळगुळीत दगडाने घोटून त्यावर ऑलिव्ह तेलाचा काळा साबण चोळतात. साबण नि चुना मिळून पाणी अडवणारा थर धरतो. हमामच्या, म्हणजे तिथल्या न्हाणीघरांच्या, भिंती याच्याच. रंग हवा तो मिळतो, सांधा एकही नसतो. फक्त ॲसिडवाला क्लीनर त्या भिंतीला लागू देऊ नका, चुना खाऊन टाकतो. साधं पाणी आणि तोच साबण पुरे.